अशांत देशाचे तिकीट हाती असताना: जावे की थांबावे, हे कसे ठरवावे

परदेशात आंदोलन पेटल्याचे वृत्त आले आणि आपले तिकीट नेमके त्याच देशाचे असले, की घरात पहिला प्रश्न हमखास हाच येतो: तिथे आपल्याला काही होणार तर नाही ना? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर टूर कंपनीकडे नसते, दूतावासाकडे नसते आणि त्या देशाच्या सरकारकडे तर त्या वेळी मुळीच नसते. त्यामुळे चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते आणि अखेरीस ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे निर्णय ठरते. त्याऐवजी असे विचारावे, की तिथे अडकून पडलो तर आपल्याला किती दिवस निभावता येईल, आणि सरकारी विमानाची वाट न पाहता बाहेर पडण्याचा मार्ग आहे का. याचे उत्तर घरबसल्या काढता येते, कारण त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती घरातल्या औषधांच्या डब्यात, बँकेच्या खात्यात आणि नकाशावर असते.

सोलापुरातून परदेशी जाणाऱ्यांत ढोबळमानाने चार प्रकारची माणसे दिसतात. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या यात्रेला निघालेली ज्येष्ठ मंडळी, टॉवेल-चादरींच्या ऑर्डरीसाठी आखातात किंवा आफ्रिकेत जाणारे कारखानदार, मध्य आशियात किंवा जॉर्जियात वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले व त्यांना भेटायला जाणारे पालक, आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेली आई. एकाच देशातील एकच परिस्थिती या चौघांसाठी सारखी नसते. म्हणून शेजारचे अमुक गेले आणि सुखरूप परत आले, हा दाखला निर्णयात धरू नये.

अडकणे म्हणजे किती दिवस?

गेल्या काही वर्षांतील उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली, तर अडकण्याचे माप हाती लागते. नेपाळमध्ये ८ सप्टेंबर २०२५ रोजी समाजमाध्यमांवरील बंदी आणि भ्रष्टाचार यांच्याविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवशी १९ जणांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार हे मुख्य सरकारी कार्यालयांचे संकुल पेटवले गेले, काठमांडूतील हिल्टनसारखे मोठे हॉटेलही जळाले. त्रिभुवन विमानतळ त्या दिवशी बंद झाला आणि १० तारखेच्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. विमानतळ बंद राहिला तो साधारण एक दिवस. परंतु संचारबंदी, रद्द झालेली उड्डाणे आणि पुढच्या विमानांत जागा मिळवण्याची धडपड धरली, तर अनेक यात्रेकरूंचे त्याहून बरेच अधिक दिवस गेले.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये उलट चित्र होते. ढाक्याचा विमानतळ चालू होता, पण शहरात संचारबंदी होती आणि इंटरनेट बंद होते. त्यामुळे विमान आहे, तिकीट आहे, पण हॉटेलातून विमानतळापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न होता. पुढे ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या, तेव्हा मात्र विमानतळही काही तास बंद राहिला. कझाकस्तानात जानेवारी २०२२ मध्ये इंधन गॅसच्या दरवाढीवरून आंदोलन सुरू झाले, जमावाने अल्माटीचा विमानतळ ताब्यात घेतला आणि तेथील नियमित उड्डाणे सुरू व्हायला १३ जानेवारी उजाडला, म्हणजे आठवडाभराहून अधिक काळ गेला. बँकॉकमध्ये नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळ सुमारे आठवडाभर अडवून धरला होता. तिथे शहरातील जीवन बऱ्यापैकी सुरळीत होते, फक्त बाहेर पडण्याचे दार बंद होते. आणि सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यातच लढाई जुंपली, तेव्हा खार्टूमचा विमानतळ पहिल्याच दिवशी बंद पडला. भारत सरकारची ऑपरेशन कावेरी ही मोहीम सुरू होण्यास नऊ दिवस लागले, आणि त्यानंतरही लोकांना शेकडो किलोमीटर बसने पोर्ट सुदानला, तेथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दाला आणि मग भारतात यावे लागले.

यांतून तीन मापे निघतात: दोन-चार दिवस, आठ-दहा दिवस, आणि ज्याला मुदतच नाही असा काळ. तिसऱ्या मापाचा संभव जिथे दिसतो तिथे कोणत्याही कारणाने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची खूण अशी, की देशात एकाहून अधिक सशस्त्र गट असतात आणि त्यांतील एकाला सरकार आवरू शकत नाही. जमाव विरुद्ध सरकार हा संघर्ष कितीही भडकला तरी बहुधा काही दिवसांत कुठे तरी वळण घेतो. बंदूक विरुद्ध बंदूक या संघर्षाला तशी घाई नसते.

उरलेल्या दोन मापांसाठी घरचा हिशेब मांडावा. यात्रा सात दिवसांची असेल तर औषधे सतरा दिवसांची घेता येतील का? इन्सुलिन चालू असेल आणि हॉटेलची वीज गेली तर ते थंड कुठे ठेवणार? दुकान, कारखाना किंवा नोकरी आणखी दहा दिवस आपल्यावाचून चालेल का? घरी मागे राहिलेल्या वृद्धांची किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांची व्यवस्था तेवढे दिवस लागेल का? हॉटेलचे दहा दिवसांचे जादा भाडे आणि ऐनवेळी घेतलेले महागडे तिकीट, हे दोन्ही खर्च कर्ज न काढता झेपतील का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आले आणि प्रवास पुढे ढकलण्याजोगा असला, तर चर्चा तिथेच थांबवण्यास हरकत नाही. डायलिसिस चालू असलेल्या किंवा नुकतेच हृदयाचे ऑपरेशन झालेल्या माणसासाठी दोन दिवसांचे अडकणेसुद्धा परवडणारे नसते, आणि अशा वेळी 'देवाचे बोलावणे आहे' हे कारण घरच्यांनी प्रेमाने पण ठामपणे बाजूला ठेवावे. पशुपतिनाथ पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

राग कोणावर आहे?

आंदोलन सरकारविरुद्ध असले, तर परदेशी पाहुण्याकडे लोक बहुधा दुर्लक्ष करतात. परंतु रागाचे तोंड परदेशी माणसांकडे, आणि त्यातही भारतीयांकडे वळले आहे का, हे वेगळे तपासावे लागते. किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये मे २०२४ मध्ये स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्या मारामारीची चित्रफीत पसरली, आणि त्यावरून जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. तिथे सरकार स्थिर होते, विमाने चालू होती, तरीही भारतीय दूतावासाला मुलांना बाहेर पडू नका असे सांगावे लागले. दक्षिण आशियातील शेजारी देशांत तर भारताची भूमिका हाच तिथल्या राजकारणातला वादाचा विषय असू शकतो. त्या देशातील सभांमध्ये, घोषणांमध्ये भारताचे नाव येत आहे का, भारतीय व्हिसा केंद्रे किंवा दूतावासाच्या कचेऱ्या बंद ठेवल्या आहेत का, हे पाहावे. भारतीय म्हणून ओळखले जाणे हीच अडचण असेल, तर कापडाच्या मोठ्या ऑर्डरीसाठीही प्रत्यक्ष जाऊ नये. नमुने कुरिअरने पाठवून आणि व्हिडिओ कॉलवर बोलून पहिली फेरी भागवता येते, आणि खरेदीदार समंजस असेल तर तोच तसे सुचवतो.

नकाशा आणि दिनदर्शिका

देशाचे नाव ऐकून निर्णय घेऊ नये, नकाशा उघडावा. आंदोलने बहुधा राजधानीत, आणि राजधानीतही ठरावीक जागी होतात. काठमांडूत माइतीघर ते नवीन बानेश्वर हा पट्टा, ढाक्यात शाहबाग, नैरोबीत संसदेभोवतीचा मध्यवर्ती व्यापारी भाग, तिबिलिसीत रुस्तावेली मार्ग. आपले हॉटेल त्या जागेपासून किती अंतरावर आहे, आणि मुख्य म्हणजे हॉटेल ते विमानतळ हा रस्ता त्या जागेवरून जातो का, एवढे पाहिले तरी निम्मे चित्र स्पष्ट होते. ज्या हॉटेलच्या दारातून संसद दिसते, ते शांततेच्या काळात अभिमानाचे असते आणि अशांततेत सर्वांत वाईट. शक्य असल्यास मुक्काम विमानतळाच्या बाजूला हलवावा, भले तिथे पाहण्यासारखे काही नसेना.

त्यानंतर दुसरे दार शोधावे. नेपाळच्या बाबतीत आपल्याला जमिनीवरून भारतात येण्याचे हे दार आहे: पोखऱ्याहून खाली सोनौली, काठमांडूहून बिरगंज-रक्सौल. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातून चार हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी परतले, त्यांतील मोठा भाग आगरतळ्याजवळचे आखौरा, मेघालयातील डावकी आणि पश्चिम बंगालमधील गेदे अशा सीमेवरील नाक्यांतून आला. श्रीलंकेसारख्या बेटाला मात्र असे जमिनीवरचे दार नाही, तिथे मुख्य भिस्त विमानतळावरच. अल्माटीहून बिश्केकला मोटारीने काही तासांत जाता येते, पण त्यासाठी किर्गिझस्तानचा व्हिसा लागतो. शेजारच्या देशात शिरण्याची परवानगी आपल्याकडे आधीच आहे का, हे विचारल्याशिवाय त्या दाराला दार म्हणू नये.

ज्यांचे विमान दोहा, दुबई किंवा अबू धाबीला बदलते, त्यांनी मधल्या थांब्याचाही विचार करावा. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा कतारने आपले हवाई क्षेत्र काही तास बंद केले आणि ज्यांना युरोप-अमेरिकेला जायचे होते असे हजारो प्रवासी वाटेतच खोळंबले. लंडनला लेकीकडे निघालेल्या आईचा आखाताशी काही संबंध नव्हता, तिकीट मात्र आखाताचे होते. इंग्रजी फारसे न बोलणाऱ्या ज्येष्ठ व्यक्ती एकट्या जाणार असतील, तर आखात तापलेले असताना थेट विमानाचे तिकीट थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

दिनदर्शिकेकडे लोक क्वचितच पाहतात, आणि ती सर्वांत स्वस्त सावधगिरी आहे. केनियात २५ जून २०२४ रोजी करवाढीच्या विधेयकाविरुद्ध आंदोलक संसदेत घुसले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला स्मृतिदिन म्हणून पुन्हा मोर्चे निघाले आणि पुन्हा बळी गेले. टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानाच्या दिवशीच हिंसाचार झाला, दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. निवडणूक, निकाल, अर्थसंकल्प, मोठ्या नेत्याच्या खटल्याचा निवाडा आणि जुन्या गोळीबाराचा स्मृतिदिन या तारखा आधीपासून ठाऊक असतात. व्यापारी भेट अशा तारखेच्या दोन आठवडे अलीकडे किंवा पलीकडे सरकवली, तर पुष्कळदा न जाण्याचा विचारच करावा लागत नाही.

कोणाचे ऐकावे?

सर्वप्रथम त्या देशातील भारतीय दूतावासाचे किंवा उच्चायुक्तालयाचे संकेतस्थळ आणि एक्सवरील अधिकृत खाते पाहावे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आकड्यांच्या श्रेणीत नसतात, त्यामुळे त्यांतील शब्द नीट वाचावे लागतात. 'सावधगिरी बाळगावी', 'अनावश्यक प्रवास टाळावा', 'परिस्थिती निवळेपर्यंत प्रवास पुढे ढकलावा' आणि 'प्रवास करू नये' या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर जाता येते, दुसरीवर कारण तपासावे, तिसरी आणि चौथी आली की टूर कंपनी काहीही म्हणो, निघू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळबाबत आलेली सूचना तिसऱ्या पायरीची होती.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सूचनांना एक ते चार अशी श्रेणी असते आणि त्यांत देशाच्या भागांनुसार तपशील असतो, म्हणून त्या पूरक म्हणून वाचाव्यात. मात्र त्या कशा वाचायच्या, याची एक सोपी कसोटी आहे: तेच देश भारताबद्दल काय लिहितात ते आधी पाहावे. अमेरिकेच्या यादीत भारत बराच काळ दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे अधिक सावधगिरी बाळगण्याच्या गटात राहिलेला आहे. आपण इथे कसे राहतो हे आपल्याला माहीत आहे, त्यावरून दुसऱ्या श्रेणीचे वजन किती धरायचे ते समजते.

दूरचित्रवाणीच्या चित्रांबाबतही हीच कसोटी लावावी. आरक्षणाच्या आंदोलनात पुणे महामार्ग अडवला जातो, एसटी थांबते, टायर जळतानाचे दृश्य दिवसभर वाहिन्यांवर फिरते, आणि त्याच दिवशी सोलापूरच्या नवी पेठेत किंवा बाळीवेशीत व्यवहार थोडे मंद पण चालू असतात. ते दृश्य पाहून परदेशातल्या खरेदीदाराने आपल्याला घाबरून फोन केला, तर आपण त्याला काय सांगतो? रस्ता बंद आहे, गाव शांत आहे, माल दोन दिवस उशिरा निघेल. नेमकी अशाच प्रकारची माहिती आपल्याला तिथल्या माणसाकडून हवी असते.

म्हणून तिथे ओळखीचा एक तरी माणूस शोधावा आणि त्याला नेमके प्रश्न विचारावेत. 'परिस्थिती कशी आहे?' असे विचारले की 'काही काळजी नाही, या' असे उत्तर मिळते, कारण हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक हवे असते आणि यजमानाला संकोच वाटतो. त्याऐवजी विचारावे, की काल रात्री संचारबंदी होती का आणि किती वाजल्यापासून, विमानतळावरून शेवटची टॅक्सी किती वाजता मिळते, एटीएममध्ये पैसे आहेत का, पेट्रोलसाठी रांग आहे का, शाळा उघडल्या आहेत का. शाळांचा प्रश्न विशेष उपयोगी आहे. आईबाप मुलांना शाळेत पाठवत असतील, तर त्या शहराने स्वतःबद्दल काय ठरवले आहे ते कळते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या चित्रफितींवर मात्र काहीही ठरवू नये. त्यांतील काही खऱ्या असतात, पण कोणत्या वर्षाच्या आणि कोणत्या गावच्या ते सांगता येत नाही.

पैशाचा भाग

भीतीपोटी तिकीट लगेच रद्द करणे हे बहुधा नुकसानीचे असते. आपण रद्द केले तर भाड्याच्या नियमांप्रमाणे कपात होते, आणि स्वस्त तिकिटावर कधी कधी काहीच परत मिळत नाही. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार पर्यायी उड्डाण किंवा परतावा मिळतो. राजकीय अस्थिरता आणि दंगल यांना असाधारण परिस्थिती मानले जात असल्याने त्यावर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. अशांतता वाढली की कंपन्या अनेकदा विनाशुल्क तारीख बदलून देतात. त्यामुळे प्रवासाला आठ-दहा दिवस असतील तर वाट पाहावी आणि कंपनीचे संकेतस्थळ रोज तपासावे. हॉटेलचे उलट आहे: तिथे मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख असते, ती उलटू देऊ नये. टूर कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी 'गट गेला नाही तर पैशांचे काय' याचे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी दिलेल्या 'पुढच्या गटात बसवतो' या आश्वासनाला तारीख नसते.

प्रवास विम्याबाबत मोठा गैरसमज आहे. विमा काढला की सगळे भरून मिळते, असे समजून लोक निघतात. पॉलिसीच्या शेवटी 'अपवाद' या मथळ्याखाली युद्ध, परकीय आक्रमण, यादवी, बंड, लष्करी उठाव अशी यादी बहुतेक वेळा असते, आणि त्यातून झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही. दंगल किंवा संप यांमुळे सहल रद्द झाली तर काही पॉलिसी पैसे देतात, काही देत नाहीत. शिवाय पॉलिसी घेण्यापूर्वीच जी घटना जगजाहीर झाली होती, तिच्यावरचा दावा सहसा मान्य होत नाही. बातमी पाहून विमा काढायला धावणाऱ्यांना याचा फटका बसतो. 'आम्हाला भीती वाटली म्हणून गेलो नाही' हे कारण तर जवळजवळ कुठेच चालत नाही. एजंटला दोन प्रश्न ई-मेलने विचारावेत: नागरी अशांततेमुळे सहल रद्द झाली तर किती मिळेल, आणि तिथे मुक्काम लांबला तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, कारण अडकलेल्या दिवसांत आजारी पडलो आणि पॉलिसी संपलेली असली, तर रुग्णालयाचे बिल आपल्यालाच भरावे लागते.

निर्णयाचा दिवस सोलापुरातला असावा

मुंबईत किंवा पुण्यात राहणारा माणूस विमान सुटण्याच्या चार तास आधीपर्यंत घरात बसून विचार बदलू शकतो. आपल्याला ती सवड नाही. मुंबईचे विमान पकडायचे तर बहुतेकांना आदल्या रात्रीच सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसावे लागते, हैदराबादला किंवा पुण्याला जायचे तरी अर्धा दिवस रस्त्यात जातो. आणि एकदा बॅगा घेऊन गाडीत बसले, की परत फिरण्याची लाज वाटते, सोबतचे लोक 'आता निघालोच आहोत तर' म्हणू लागतात आणि निर्णय आपोआप होऊन बसतो. यासाठी दोन तारखा आधी ठरवाव्यात. पहिली प्रवासाच्या सात-आठ दिवस आधीची, हॉटेल रद्द करण्याच्या मुदतीच्या अलीकडची. दुसरी घर सोडण्याच्या दिवशी दुपारची.

त्याबरोबर कोणत्या गोष्टी घडल्या तर जायचे नाही, याची यादी शांत डोक्याने कागदावर लिहून घरातल्या सर्वांना दाखवावी. उदाहरणार्थ: दूतावासाने प्रवास पुढे ढकलण्यास सांगितले, मागच्या तीन दिवसांत विमानतळ एकदा तरी बंद पडला, राजधानीत दिवसाही संचारबंदी आहे, आपल्या विमान कंपनीने त्या मार्गावरचे एखादे उड्डाण रद्द केले, तिथल्या ओळखीच्या माणसाने स्वतःचे कुटुंब गावी पाठवले. यांतील एक जरी गोष्ट घडली, तरी पुन्हा चर्चा न करता थांबावे. गटाने जाणाऱ्यांसाठी ही यादी अधिकच आवश्यक असते, कारण चाळीस जणांच्या गटात 'मी येत नाही' असे पहिल्यांदा म्हणणाऱ्याला भित्रा ठरवले जाते आणि त्यानंतर आणखी दहा जण त्याच्यामागे येतात.

जायचे ठरलेच तर

तयारीचा भाग थोडक्यात सांगता येतो. दूतावासाच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज असतो, तो भरावा. पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण इंटरनेट बंद झाल्यावर मोबाइलमधील तिकीट उघडत नाही, आणि संचारबंदीत सैनिक रस्त्यावर अडवतो तेव्हा विमानाचे कागदी तिकीट हेच बहुधा परवान्यासारखे चालते. डॉलरच्या लहान नोटा वेगवेगळ्या ठिकाणी विभागून ठेवाव्यात. दूतावासाचा तातडीचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. घरच्यांशी असे ठरवावे, की रोज एका ठरावीक वेळी साधा फोन किंवा एसएमएस येईल, आणि सलग दोन दिवस आला नाही तरच त्यांनी धावपळ सुरू करावी. त्या वेळी त्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षाबरोबरच सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ वर कळवावे. अडकलेल्यांच्या याद्या जिल्ह्यांमार्फतही राज्याकडे आणि पुढे दिल्लीला जातात. तिथे असताना मोर्चा पाहायला किंवा त्याचे चित्रीकरण करायला बाहेर पडू नये, हे तरुणांना आवर्जून सांगावे लागते.

मुले तिथेच असतील तेव्हा

विद्यार्थ्यांच्या पालकांपुढचा प्रश्न उलटा असतो: मुलाला परत बोलवावे का? इथे घाई करण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय पदवी भारतात ग्राह्य धरली जाण्यासाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पूर्ण करावा लागतो, आणि ऑनलाइन वर्गांच्या बाबतीत किती अडचणी येतात हे युक्रेनहून परतलेल्या मुलांनी अनुभवले आहे. त्यामुळे दोन आठवड्यांसाठी मुलाला बोलावून घेताना विद्यापीठाकडून हजेरी आणि परीक्षा यांबाबत लेखी खुलासा घ्यावा. वसतिगृहाचे दार भक्कम आहे, मेस चालू आहे, दूतावास संपर्कात आहे आणि हाणामारी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तर काही दिवस आत बसून काढणे हे विमानतळापर्यंतच्या प्रवासापेक्षा अधिक सुरक्षित असते. मात्र परदेशी विद्यार्थ्यांनाच लक्ष्य केले जात असेल, तर हजेरीचा विचार न करता बोलवावे.

एक व्यावहारिक अडचण पालकांना ऐनवेळी कळते. व्हिसाच्या नूतनीकरणासाठी मुलांचे पासपोर्ट अनेकदा विद्यापीठाकडे किंवा प्रवेश मिळवून देणाऱ्या कंत्राटदाराकडे जमा असतात, आणि नेमके त्याच आठवड्यात कार्यालय बंद होते. मुलाचा पासपोर्ट आज प्रत्यक्ष कोणाच्या हातात आहे, हे पुढच्या फोनवर विचारावे, आणि तो परत मिळण्याची तारीख लिहून घ्यावी. परतीच्या एका तिकिटाएवढी रक्कम मुलाच्या तिथल्या खात्यावर कायम ठेवावी आणि ती इतर खर्चासाठी वापरायची नाही असे ठरवावे. अशा आठवड्यात सोलापुरातून पैसे पाठवायचे म्हटले, तर ते बँकेतून निघतात पण तिथे हाती लागत नाहीत.

प्रवास रद्द झाला तर रद्द झालेल्या उड्डाणाचा ई-मेल, दूतावासाच्या सूचनेचे तारखेसह छायाचित्र आणि हॉटेलशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा, कारण परतावा मागताना विमान कंपनी आणि विमा कंपनी दोघीही हेच कागद मागतात. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर त्याची मुदत कधी संपते ते तपासून, परिस्थिती निवळल्यावर त्याच व्हिसावर जाता येईल का, हे संबंधित दूतावासाला विचारावे.